मोटारी जाळणारी जानकी

चारकोपच्या मिक्सर कारखान्यात बाकीच्या बाया मोटारी जोडायच्या. जानकी परबला पगार मिळायचा तो त्या जाळायचा. कोपऱ्यातल्या खोलीत नवी मोटार घ्यायची, भांडं भरायचं, धूर निघेपर्यंत फिरवायची आणि आधी काय जळालं ते वहीत लिहायचं.

सुरुवातीला साहेब नुसती भिजवलेली डाळ वाटून बघायचे. "साहेब, आमच्याकडे मसालो डाळीचो नाय होत," म्हणत हळकुंडं, सुकं खोबरं, मिरच्या तिनेच घरून आणल्या. पहिल्याच मोटारीची वाट लागली. ते चौऱ्याऐंशी साल.

शहाऐंशीत एका शुक्रवारी मालक चंद्रप्रकाश साहेब लाइनचा सुपरवायझर कुंडलिक याला घेऊन आले.

"जानकीबाई, सोमवारपासून पॅकिंगला. ही खोली गोदामाला लागते."

"आणि नवं मॉडेल कोण जाळणार?"

"कोणी नाही, थेट बाजारात. वर्षभरात तुम्ही चाळीस मोटारी जाळल्यात. या वर्षी त्यातून काय आलं?"

"या वर्षीचं याच वर्षी कसं येईल? कुंडलिक, तू सांग. आधी तुझ्या लाइनवर दिवसाला किती मिक्सर निघायचे?"

"साठ."

"आता?"

"ऐंशी."

"माणसं वाढली?"

"दोन कमीच झाली."

"मग तू चाबूक घेऊन फिरतोस काय?"

कुंडलिक हसला. "नाय गं. आधी दहातले तीन उघडून परत बांधायला लागायचे. मोटारीचा दांडा फिरतो ते बुश बदलल्यापासून नाही लागत."

"बुश का बदललं?"

कुंडलिकने साहेबांकडे बघितलं. "हिने जाळून दाखवलं म्हणून."

"ते जुनं झालं," साहेब म्हणाले.

"जुनंच तर खाताय, साहेब. आज नाही जाळलं तर अठ्ठ्याऐंशीत काय खाल?"

"पॅकिंगला यायचं नसेल तर घरी बसा."

"घरी एक बसलाय आधीच. नवरा. मिल बंद पडली, नाव संपाचं झालं. माग त्याच्या बापाच्या वेळचेच होते. नवीन काय करून बघायला खर्च नको होता शेठला."

बोलता बोलता तिने नव्या मॉडेलच्या भांड्यात हळकुंडं ओतली, झाकणावर तळहात दाबला आणि बटण फिरवलं. साहेबांचा हात ते बंद करायला पुढे आला.

"राहू द्या, साहेब. गिऱ्हाईकाच्या ओट्यावर जळण्यापेक्षा इथं जळू द्या."

चौथ्या मिनिटाला धूर आला. खोलीत हळद आणि जळक्या वायरीचा वास भरला. कुंडलिक खोकत दाराशी गेला.

"हे सुधारायला किती दिवस?" साहेबांनी विचारलं.

"ते आज कसं सांगू? खोली असली तर सांगीन."

साहेब निघून गेले.

सोमवारी अर्ध्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. पॅकिंगची मुकादम प्रेमा हाक मारायला आली, "जानकी, चल ना गं, वाट बघतायत."

"बघू देत. ही खोकी धर."

दोघींनी एकेक करून सगळी खोकी पॅसेजमध्ये नेऊन ठेवली. जानकीने नव्या मॉडेलची दुसरी मोटार टेबलावर घेतली. कुणी अडवायला आलं नाही.