वाचनालयाच्या पायरीवरची रेवताबाई

"काहून उठू मी? सांग ना जी, काहून?"

"तासाभराचं काम आहे, बाई. नागपूरचे पाहुणे येऊन राहिले. टोपली तिकडं नालीजवळ ने."

"मंग पाहुण्यायले ने ना नालीजवळ. मी नाई हालत."

भंडाऱ्यातल्या एका जुन्या वाचनालयाच्या पायरीवर हे चाललं होतं. उठवणारा वाचनालयाचा चिटणीस श्यामलाल, न उठणारी रेवताबाई ढिवरीण. समोर टोपलीभर उकडलेले शिंगाडे. साल चौऱ्याऐंशी, दिवाळी नुकतीच उलटलेली.

हे तासाभराचं काम म्हणजे काय, ते रेवताबाईला पक्कं ठाऊक होतं. मागल्या साली पानठेलेवाल्याला असंच एका दिवसासाठी सरकवलं. त्याच्या जागी आता सायकल स्टँड झालंय, आणि तो बिचारा वरठीच्या स्टेशनाबाहेर फिरतीवर पान विकतो. पायरी गेली की गिऱ्हाईक गेलं. कचेरीतली माणसं सुटली की इथूनच जातात, नालीकडं कोण वळतो?

आणि पायरी काही फुकट मिळाली नव्हती. नवरा बुधराम दम्यानं घरी बसला, तशी ही बाई स्वतः बोडीत, म्हणजे शिंगाड्याच्या तळ्यात, उतरली. अड्याळजवळची ती बोडी. तरंगायला मडकं पोटाखाली धरून, गळाभर थंड पाण्यात वेल उलटवायचा, शिंगाडे खुडायचे. काटे बोटात मोडायचे. पहाटे उकडायचे आणि पहिल्या एस.टी.नं भंडारा. एका कंडक्टरनं टोपलीवरून कटकट केली, तर ती बससमोर टोपली मांडून बसली. बस निघाली ती तिला घेऊनच.

पाहुणे आले. एक प्राध्यापक, पंधरा-वीस पोरंपोरी. सत्तरच्या दशकात इथल्या बोलीत लिहिणाऱ्या पाच-सहा जणांचं एक मंडळ होतं. ते कुठं राहिले, कुठं बसले, ती ठिकाणं पाहत ही मंडळी गावभर फिरत होती. वासुदेवराव मास्तरांचं घर झालं, छापखाना झाला. मास्तर तर आता हयात नव्हते. मंडळातले सेवकराम तेवढे सोबत होते. एके काळी पोस्टात शिक्के मारायचे, आता नागपुरात नाव कमावून, जाकीट घालून आलेले. रेवताबाईला त्यांनी पाहिलं आणि नजर दरवाजाकडं नेली.

प्राध्यापक पायरीपाशी थांबले. "याच वास्तूच्या वरच्या दालनात मंडळाच्या बैठका होत. आज तिथं फलक लागतोय." मग पिशवीतून मास्तरांची वही काढून त्यांनी उघडून धरली. "हे काळे डाग पाहा. रात्र रात्र लिहिताना सांडलेली शाई!"

पोरी वाकून पाहू लागल्या. रेवताबाई टोपलीमागून उठली, मान लांब केली आणि खो-खो हसली.

"शाई? अवो सायेब, तो शिंगाड्याचा डाग हाये! मास्तर सोलत जाये आन् त्याच बोटानं पान उलटवत जाये. हे पाहा." तिनं आपली दहा बोटं वहीशेजारी धरली. नखं, पेरं, सगळी तशीच काळी. "वर कुठली बैठक? या लोकायले वर चढू कोन देत होतं?"

"बाई, गप बस!" श्यामलाल पुढं आला.

"तू गप. तू तवा चिटनीस नोहोता. समितीवाले म्हनत, ही गावंढळ बडबड अठी नोको. मंग हे दर आयतवारी या पायरीवर. लाखांदूरचा गोमाजी दंडारीच्या खेळाचं लिवून आने, मास्तर वाची, अन् हे सेवकरामभाऊ नुसते खाये." पोरं हसली. "अडला शबद का मले इचारत. मी म्हनो, बोडीतला मानूस असा नाई बोलत जी, खोडा. मास्तर खोडे. पाहा वहीत, खोडलं हाये का नाई."

प्राध्यापकांनी पानं चाळली. खोडाखोड होतीच, दर पानावर. त्यांनी सेवकरामांकडं पाहिलं.

 सेवकरामांचे जाकिटाच्या खिशातले हात बाहेर येईनात.

"बोल ना गा," रेवताबाई म्हणाली. "का नागपुरात जाऊन तोंड बी सोलून ठेवलं?"

 सकाळपासून सेवकराम पुस्तकी बोलत होते. आता निघालं ते वेगळंच. "खरं सांगून राहिली बाई. वरच्या दालनात मी आज पयल्यांदा जाऊन राहिलो. आमचं जे झालं, ते अठीच झालं."

 प्राध्यापकांनी वही मिटली, चष्मा पुसला. "मग फलक इथंच लागायला हवा. बाई, तुमचं पूर्ण नाव काय?"

"नाव कायले? फलक लावा का नोका लावू. मले एवढं सांगा, टोपली हालन का?"

"नाही हलणार," सेवकराम म्हणाले, आणि श्यामलालकडं असं पाहिलं, जणू पोस्टातला जुना शिक्का पुन्हा हाती आलाय. "फलकावर लिहू, मंडळाचे लोक अठी बसत होते. मंग अठी बसणाऱ्याले कोन उठवन?"

श्यामलाल पुटपुटला, "बरं, आजच्या दिवस बसू दे."

"आजच्या दिवस नाई. उद्या बी, परवा बी. शिंगाडे सरले का मच्छी घेऊन बसतो."

एका पोरीनं अर्धा पाव शिंगाडे मागितले. मग दुसरीनं. सेवकराम पैसे काढू लागले, तर बाईनं टोपली आपल्याकडं ओढली.

"तुमी थांबा जी. आधी गिऱ्हाईक."

ओलं फडकं पिळून तिनं शिंगाड्यांवर टाकलं, तराजूची दोरी सरळ केली, आणि कचेरीकडून येणाऱ्या लोकांच्या दिशेनं खणखणीत हाळी दिली.