चौथ्या रांगेतला दगड

निजामाच्या मुलखात गोऱ्यांनी जालन्याला छावणी टाकली होती. छावणी उठली, बंगले पडले आणि त्यांचे दगड गावानं घरोघर नेले. कुणाच्या पायरीला लागले, कुणाच्या मोरीत गेले. आता त्या बाजूला बियाण्यांची गोदामं आहेत आणि एमआयडीसीतून सळया भरून निघालेले ट्रक दिवसभर धूळ उडवतात. गोऱ्यांचं कब्रस्तान तेवढं उरलं. माझे आजोबा त्याचे राखणदार होते, त्यांच्यानंतर अब्बा.

अब्बांना वाचता येत नव्हतं. तरी बाभळीच्या काटकीनं ते एकेका कबरीवरच्या अक्षरांतली माती काढत. कुणी शिकलेला माणूस आला की त्याच्याकडून मजकूर वाचून घेत आणि पाठ करत. कोण पटकीनं गेला, कोण घोड्यावरून पडून, सगळं तोंडपाठ. डोळे मिटून बोटांनी अक्षरं चाचपायचा खेळ ते अम्मीशी आणि माझ्याशी खेळायचे. चौथ्या रांगेत एका लहानशा कबरीवर मात्र दगडच नव्हता. तो आजोबांच्या तरुणपणीच गेला होता. अब्बा तिथंही रोज झाडू मारायचे.

गावातले इतिहासाचे एक सर दोन वर्षं दर रविवारी वही घेऊन यायचे. अम्मी त्यांच्याकडे धुणंभांडी करायची, त्यामुळे अब्बांना ते घरचेच वाटत. अब्बा सांगायचे, सर लिहायचे, मधे चहा व्हायचा. मग पुस्तक आलं. ‘सप्रेम भेट’ लिहून एक प्रत सरांनी अब्बांना दिली.

“पढ ना बेटी, मेरा नाम है क्या उसमें?”

मी सातवीत होते. नाव कुठंच नव्हतं. चौथ्या रांगेपाशी एक वाक्य होतं: अडाणी राखणदारांच्या बेपर्वाईमुळे इथला दगड चोरीस गेला. मी त्यावर अंगठा ठेवला, जणू अब्बांना ते वाचताच येणार होतं, आणि पुढचं वाचू लागले. “है अब्बा, बहुत अच्छा लिखा,” असंही म्हणाले.

आठवडाभरात चहाच्या टपरीवर कुणीतरी ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. वर हसून विचारलं, “काय चाचा, दगड कुठं इकला?” अब्बा घरी आले, माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक कापडात बांधून कपाटात ठेवलं. मरेपर्यंत त्या टपरीवर गेले नाहीत.

ते गेल्यावर दोन वर्षांनी एकदा सरांच्या मोरीत साबणाची वडी धुण्याच्या दगडाखाली घसरली. अम्मीनं हात घातला, बोटांना अक्षरं लागली. घरी येऊन मला म्हणाली, “उस पत्थर के नीचे हरूफ हैं.” दुसऱ्या दिवशी तिनं ते काम सोडलं.

मी घाई केली नाही. राग लोणच्यासारखा मुरू दिला. शिकले, शाळेत शिक्षिका झाले. मागच्या हिवाळ्यात सरांनी पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचा कार्यक्रम स्वतःच्याच अंगणात ठेवला. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणाले, “सर, तुमच्या मोरीतला धुण्याचा दगड जरा उलटा करता का?”

लोक हसले. सर हसले नाहीत. कशाला, असंही त्यांनी विचारलं नाही, तिथंच मला कळलं. चौघांनी दगड उलटला. दारातून सरांच्या बायको म्हणाल्या, “मामंजींनी आणल्ता तो, घर बांधताना. यांना ठाऊक हाय की.”

“वाचा, सर,” मी म्हणाले. “माझ्या वडिलांना येत नव्हतं.”

चार महिन्यांचं बाळ होतं. नाव वाचताना सरांचा आवाज फाटला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दगड त्याच दिवशी टेम्पोतून चौथ्या रांगेत गेला. माझं तेवढ्यानं भागणार नव्हतं. पुस्तक ज्या ज्या शाळेत, वाचनालयात गेलं होतं, तिथं तिथं मी सरांना स्कूटीवर मागं बसवून नेलं. प्रत्येक प्रतीत त्यांनी ते वाक्य खोडायचं, समासात ‘हा दगड माझ्याच घरी होता’ असं लिहायचं आणि खाली सही करायची.

“गुडघे लई दुखू राह्यले, उद्या जाऊ.”

“न्हाई सर. आजच.”

शेवटी ते आमच्या घरी आले. खुर्चीवर बसून पेनाचं टोपण काढलं. “तुमची प्रत दे. तेवढी एकच राह्यली. तुझ्या वडलांची माफी मागून टाकतो त्याच्यात.”

मी कपाटातून पुस्तक काढलं. अब्बांनी बांधलेल्या कापडातच होतं. सरांनी हात पुढे केला.

“ही प्रत अशीच राहील, सर,” मी म्हणाले, आणि चहा न विचारता त्यांना दार उघडून दिलं.