तो मळ नव्हता

स्टाफरूममध्ये सहा कप होते. पांढरे, कानवाले, कडेला निळी रेघ. प्राध्यापक चारच. दोन कप कायम रिकामे टांगलेले. तरीही मला आणि दगडूमामांना चहा बीकरमधून मिळायचा. प्रयोगाचा काचेचा बीकर, शंभर मिलीचा, अंगावर मापाच्या रेघा. आणि तो चहा ओतायचोही मीच. कँटीनमधून किटली आणायची, चार कप भरायचे, मग खिडकीत ठेवलेले आमचे दोन बीकर. विभागप्रमुख सर एकदा त्या रेघांकडे बघून म्हणाले, "तुझा चहा बघ कसा शास्त्रीय. मोजून मिळतो." सगळे हसले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याची मला आजही किळस येते.

नगरमधलं कॉलेज. नव्वदीचं दशक संपत आलेलं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर होतो. परिचर म्हणजे भांडी धुणारा. बारावी सायन्सला नापास झालेला, जामखेडकडचा, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापाचा पोरगा. आम्ही बौद्ध. दगडूमामाही बौद्ध, श्रीगोंद्याच्या बाजूचे. नात्यानं ते माझे कुणी नव्हते, पण त्यांनीच मला काम शिकवलं, म्हणून मामा.

मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांची सगळी विद्या नाकात होती. बाटलीचं बूच जरासं सैल करायचे, तळहातानं वारा नाकाकडे ओढायचे आणि न बघता नाव सांगायचे. कधी चुकले नाहीत. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "वास येतो त्याला भ्यायचं. वास न्हाई त्ये पानी." या एका नियमावर त्यांची उभी नोकरी निभावली होती. मी तो नियम पाठ केला.

मग ती बाटली आली. परदेशातून, थर्माकोलच्या खोक्यात बसून. फिकट पिवळं, मधासारखं घट्ट. पाण्यात टाकलं की मिसळायचं नाही, तळाशी जाऊन बसायचं. सर त्याला आयनिक लिक्विड म्हणायचे. एम.एस्सी.च्या पोरांना सांगत होते, मी मागे उभा राहून ऐकलं. हे खरं तर मीठच, पण द्रवरूप. याची वाफ होत नाही, याला वास नाही, हे पेट घेत नाही. मी धीर करून विचारलं, "सर, धुताना काही काळजी?" ते म्हणाले, "काही होत नाही रे. मीठ आहे मीठ."

मी ते मामांना सांगितलं. माझ्या तोंडानं सांगितलं. "मामा, काय होत न्हाई म्हनले सर." मामांनी बूच सैल करून वारा घेतला. पुन्हा घेतला. "वास न्हाई," म्हणाले आणि त्या भांड्यात हात घातला.

एक गोष्ट मात्र नवी सुरू झाली. सर आमच्या हातून प्रयोगाचे काचेचे फ्लास्क घेताना रबरी मोजे घालायला लागले. मोज्यांचं खोकं त्यांच्या कपाटात, कुलपात. मला वाटलं, आम्ही शिवलेलं भांडं म्हणून. दुसरं काही मनात येणारच कसं? गावाकडे दुकानदार माझ्या आईच्या ओंजळीत मीठ वरून टाकायचा, हात लागू नये म्हणून. हे बघतच मी मोठा झालो. मामा तर हसायचे. "शिकल्याली लोकं हायती. रबराचं सोवळं नेसत्यात." आम्ही दोघं मोरीपाशी पोट धरून हसायचो. तेवढाच आमचा सूड.

पावसाळा संपता संपता फ्लास्क धुरकट व्हायला लागले. ज्यांत ते पिवळं रसायन आम्लाबरोबर तापवलेलं असायचं, तेच. आतून पांढरट, थंडीत काचेवर श्वास सोडावा तसे. कितीही घासा, निघत नव्हतं. सरांनी एक फ्लास्क उजेडात धरला आणि सगळ्या पोरापोरींसमोर मामांना विचारलं, "हे धुतलंय? हा मळ दिसत नाही तुला?" सर माझ्याकडे वळले आणि हसत म्हणाले, "यांना तरी काय बोलणार. तुम्हा लोकांना पाण्याची सवय कधी होती?"

पोरं खाली बघत होती. एक पोरगी हसली. मामा पन्नाशी ओलांडलेला माणूस. त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

सर गेल्यावर मामा म्हणाले, "आन रं कढत पानी. दाखवतो त्याला पान्याची सवय."

टबात हाताला सोसेल एवढं कढत पाणी ओतलं, त्यात थोडं ॲसिड टाकलं. असं आम्ही नेहमीच करायचो. फ्लास्कच्या तळाशी ते पिवळं उरलेलं होतं, तसंच त्यात गेलं. मामांनी कोपरापर्यंत बाह्या सारल्या. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "तू हो मागं." दुपारभर घासत राहिले. बोटांनी, नखांनी. काच काही निवळली नाही. त्यांच्या हाताला तेव्हा काहीही झालं नव्हतं. फोड नाही, आग नाही. वासही नाही.

संध्याकाळी एसटी स्टँडवर श्रीगोंद्याच्या गाडीची वाट बघत उभे होतो. मामा एकदम नळाकडे गेले आणि उजवा हात पाण्याखाली धरला. "नखाखाली काय तरी चावतंय," म्हणाले. गाडी आली, गेली. ते नळापासून हलेनात. नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. ज्याला मी कधी विव्हळताना ऐकलं नव्हतं, तो माणूस स्टँडवर गुडघ्यांवर बसला.

रिक्षानं दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी विचारलं, "कुठलं रसायन?" मी म्हटलं, "वास नसतो त्याला." ते म्हणाले, "नाव सांगा, नाव." बाटलीवरचं नाव वीतभर लांब, आकडे नि रेघा घातलेलं. रोज बघायचो. मला एक अक्षर सांगता आलं नाही. बारावीपर्यंत सायन्स शिकलेला मी, "पिवळं असतं" एवढंच म्हणालो. त्यांनी भाजल्याचं मलम लावलं.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी प्रयोगशाळा उघडली. कपाटावर थर्माकोलचं खोकं होतं. त्यात एक घडी घातलेला इंग्रजी कागद होता. घडी हाताळून मऊ पडली होती, म्हणजे कुणीतरी तो वाचला होता. मी डिक्शनरी घेऊन बसलो. हातमोजे घाला. पाण्यापासून आणि आम्लापासून दूर ठेवा. तापवल्यास काचेला खाणारं आम्ल तयार होतं. ते कातडीतून आत, हाडापर्यंत जातं. दुखणं उशिरा सुरू होतं. ताबडतोब पाण्यानं धुऊन कॅल्शियमचं मलम लावा.

काचेला खाणारं. तो मळ नव्हता. काच खाल्ली गेली होती, आणि आम्ही ती घासत होतो.

कागद घेऊन दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी वाचला, लगेच मलम बदललं, सुई भरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा कागद काल हवा होता." मामांच्या दोन बोटांची पेरं पुढे कापावी लागली.

अकराला मी परत आलो. चहाची वेळ. किटली आणली. चारही प्राध्यापक बसले होते. कप भरायला घेतले आणि खिडकीतल्या माझ्या बीकरकडे नजर गेली. तळ धुरकट होता. प्रयोगाच्याच मांडणीतला बीकर तो, कुणीही वापरावा आणि कुणीही परत ठेवावा. त्यातून मी किती महिने चहा प्यायलो, मला माहीत नाही. पोटात आजही कधी कळ आली की मला तो तळ दिसतो.

मी सरांचा कप बाजूला केला. तो बीकर त्यांना तळ दिसेल असा धरला, मग पुढ्यात ठेवून त्यात चहा ओतला.

"हे काय?" सर म्हणाले.

"चहा, सर. मोजून हाय."

"हा बीकर..."

"मळ हाय ना सर, नुसता? तुमीच म्हनला. प्या की."

सवयीनं त्यांचा हात पुढे आला होता. तो तळ आठवला, आणि हात मागे गेला. झटक्यानं. विस्तवापासून ओढावा तसा. चौघंही त्या हाताकडे बघत होते.

तेव्हा मला ते मोजे कळले. आम्ही उगाच हसत होतो. ते रबराचं सोवळं नव्हतं. आमचा विटाळ होत होता म्हणून ते मोजे घालत नव्हते. त्यांना त्या रसायनाचं भय होतं. माहीत होतं त्यांना. मोज्यांचं खोकं कुलपात होतं आणि आमचे हात टबात. मराठीत एक वाक्य सांगायचं होतं फक्त. आमच्यासाठी तेवढंही तोंडातून निघालं नाही. जात ती इथे होती. मी मोज्यांत शोधत बसलो.

मला मेमो मिळाला. वरिष्ठांशी उद्धट वर्तन. माफीनाम्यावर सही कर, नाहीतर नोकरी जाईल, असं सांगितलं. मी सही केली नाही. त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं, "बाटलीत काय आहे हे मराठीत वाचून दाखवल्याशिवाय आणि हातात मोजे दिल्याशिवाय मी कुठल्याही भांड्याला हात लावणार नाही." खाली पूर्ण नाव, आडनावासकट. नोकरीवरून काढायचं तर हा कागद बाहेर दाखवावा लागला असता. त्यांनी तो फायलीत गाडला आणि मला कामावर ठेवलं.

मामा घरी बसले. पुढे त्यांना पाण्याचीही धास्ती वाटायची. तांब्या नाकाशी धरून हुंगत बसायचे. मी भेटायला गेलो की प्रत्येक वेळी एकच सांगायचे, जणू गुन्हा त्यांचाच. "वास न्हवता रं." मी कधी म्हणू शकलो नाही की मामा, काही होत नाही हे तुम्हाला मी सांगितलं होतं. ते गेले. मी अजून म्हटलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

तो बीकर माझ्याकडे आहे. मी तो धुतलेला नाही. प्रयोगशाळेत नवा परिचर आला की आधी तो त्याच्या हातात देतो आणि उजेडात धरायला सांगतो. मग सांगतो, कुणी म्हणालं काही होत नाही, तर म्हणायचं, आधी तुम्ही हात घाला.