पडद्यावरचं वाय-फाय

रूपसिंग राठोड दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर. नेमणूक परीक्षानळ्या धुण्यासाठी झालेली, पण शाळेत बारा संगणक आले तेव्हा ते उघडून पाहायची हिंमत त्यानं एकट्यानंच केली आणि ते कायमचे त्याच्या गळ्यात पडले. याला पंधरा वर्षं झाली. संगणक तेच, त्यांतली विंडोज एक्सपीही तीच.

यंदा संस्थेनं राउटर आणि बारा वाय-फाय डोंगल पाठवले. रूपसिंगनं डोंगल लावले, तर बाराही ठिकाणी पिवळं प्रश्नचिन्ह; संगणकांना डोंगल ओळखूच येईनात. सोबतची सीडी नव्या विंडोजची. खरेदी करणाऱ्यानं या खोलीत एकदा डोकावलंही नव्हतं. वायरी तपासायला तो टेबलांमागे शिरला आणि भिंतीवरच्या खर्र्याच्या, तंबाखू-सुपारीच्या पिचकाऱ्या पाहून थबकला. थुंकी थेट प्लगांवर वाळली होती. हे पोरांचं काम नव्हतं. खर्रा खाणारे मास्तर त्याला ठाऊक होते. एका सीपीयूत उंदराची मेलेली पिल्लं निघाली. ती त्यानं कागदात धरून बाहेर टाकली. त्या दिवशी बायकोनं, हंसाबाईनं दिलेला जेवणाचा डबा तसाच घरी परत गेला.

तरी त्यानं काम सोडलं नाही. रोज डोंगलातल्या चिपचा नंबर काढून, एक्सपीत ती चालवणारा जुना ड्रायव्हर मोबाइलवर शोधायचा, पेन ड्राइव्हवर आणायचा. दिसायला सारख्या डोंगलांत चिप दोन तऱ्हेच्या निघाल्या. एकाचा ड्रायव्हर बसला, तर राउटरची नवी सुरक्षा एक्सपीला कळेना. मग एक्सपीचा शेवटचा सर्व्हिस पॅक टाकला, राउटरची सेटिंग एक पायरी मागे आणली. तीन आठवड्यांनी एका संगणकावर वाय-फाय लागलं.

हे सांगायला तो गेला, तर मुख्याध्यापक मारोतरावांनी परवा तपासणी असल्याचं सांगितलं. रूपसिंगनं आठ दिवस मागितले.

"चालू कायले पाह्यजे?" मारोतराव म्हणाले. "या एकाच्या पडद्याचा फोटो काढ अन् बाकीच्या अकराइवर लावून दे. सायेब दारातूनच पाह्यते."

रूपसिंगला किळस आली. पण तो 'नाही' म्हणू शकला नाही. जोडलेल्या वाय-फायचं चित्र त्यानं स्वतःच्या हातानं अकरा पडद्यांवर लावलं.

तपासणीच्या दिवशी पोरांना हात मांडीवर ठेवायची ताकीद होती. साहेब आले, वासानं नाकाला रुमाल लावला, दारातूनच मान हलवली आणि पोहे खायला ऑफिसात गेले. रूपसिंग पडदे बंद करायला आला, तर आठवीतली पायल अजून तशीच बसलेली.

"मामा, आता लावू का माउसले हात?"

त्या खोलीतली सगळी घाण एकीकडे आणि हे एकीकडे, असं त्याला झालं.

"लाव," तो म्हणाला. "पण काही होणार नाही बाई. ते चित्र हाय. मीच लावलं."

पायल चित्राकडे, मग त्याच्याकडे पाहत राहिली. त्या नजरेसमोर त्यानं एकेक करून अकराही चित्रं काढली.

पुढं मारोतरावांनी संस्थेकडून त्याच्या नावाचं अभिनंदनाचं पत्र आणवलं. रूपसिंगनं ते सही करून स्वीकारायलाही नकार दिला. दिवाळीपर्यंत सात संगणकांवर वाय-फाय लागलं. उरलेल्या पाचांच्या डोंगलांतल्या चिपला एक्सपीचा ड्रायव्हर कुठंच मिळाला नाही, आणि तसं त्यानं प्रत्येकावर कागद चिकटवून लिहून ठेवलं. मास्तर अजूनही तिथंच थुंकतात.