कुंकू लागलेला होन

तवनाप्पा नाणावटी खोट्या नाण्याला कधीही खोटे म्हणत नसत. निपाणीच्या बाजारपेठेत त्यांचे दुकान होते. दुकान म्हणजे एक ओटा, त्यावर गादी, पुढ्यात काळा दगड आणि मागे लोखंडी पेटी. गिऱ्हाईक रुपया देई. तवनाप्पा डोळे मिटून तो दगडावर टाकत, कान देऊन ऐकत आणि मग शेजारच्या लाकडी पाटावर ठेवत. राजाचा किंवा राणीचा चेहरा वर असला तर रुपया खरा, पालथा असला तर खोटा. या निकालावर अपील नव्हते. रुपया पालथा पडला की गिऱ्हाईक तो मुकाट्याने उचलून कनवटीला लावी आणि तवनाप्पा पुढच्या माणसाला पीकपाणी विचारत.

“तोंडानं खोटं म्हटलं की लोक माणसाकडं बघत्यात,” ते मला एकदा म्हणाले. “पालथं घातलं की नाण्याकडं बघत्यात. माणसाला परत गावात ऱ्हायचं असतंय.”

बेळगावच्या एका साप्ताहिकाला तंबाखूचे भाव कळवण्यासाठी मी बाजारच्या दिवशी निपाणीला जात असे. भाव वखारीत कळत, पण बातम्या तवनाप्पांच्या ओट्यावर मिळत. कोणाच्या घरची पुतळ्यांची माळ मोडायला निघाली, कोणाकडे लग्न ठरले, कोणाचा गोव्याकडचा व्यापार वाढला, हे त्यांच्यापुढे येणाऱ्या नाण्यांवरून समजे. ते स्वतः काही सांगत नसत. कानडीत आणि मराठीत सारखेच कमी बोलत.

गिऱ्हाइकांशी गोड बोलण्याची त्यांना सवय नव्हती. “आण्णा, जरा नीट वाजवा की,” असे कोणी चिडून म्हटले तर उत्तर येई, “मी नीटच वाजवतोय. त्योच नीट वाजंना.” बेळगावचे एक वकील जुनी नाणी जमवीत. एक झिजलेले शिवराई नाणे उलटसुलट करीत त्यांनी विचारले, “हे अस्सल शिवकालीन आहे ना?” तवनाप्पा म्हणाले, “मी तर तांबं म्हणून घेतलंय. तुमच्या कपाटात गेल्यावर शिवकालीन व्हईल.” वकिलांनी ते जास्त पैसे देऊन घेतले आणि पुढे नेहमी येत राहिले. अपमान करणारा दुकानदार फसवणार नाही, असा या भागात समज आहे. तवनाप्पांच्या बाबतीत तो बरोबर होता. अपवाद एकच.

चिकोडीकडच्या यशवंतराव नावाच्या एका जुन्या घराण्यातल्या गृहस्थांनी आपली मुलगी गोदा निपाणीच्या दत्ताजीरावांच्या मुलाला द्यायचे ठरवले. दत्ताजीरावांची तंबाखूची वखार होती. यशवंतरावांच्या देव्हाऱ्यात एक सोन्याचा होन होता. तो पूर्वजाला दरबारातून मिळाला, असे ते सांगत. घरची थोरली मुलगी सासरी जाताना तो तिच्या ओटीत घालायची त्यांची रीत होती. दत्ताजीरावांना रीत पसंत होती, पण होन तपासून हवा होता.

“तंबाखूचं पोतं मी मधनं फोडून बगतो,” ते म्हणाले. “वरनं समदंच चांगलं दिसतंय.”

सुपारी फोडण्याआधी दोन्ही बाप तवनाप्पांच्या ओट्यावर आले. दत्ताजीराव आपली कामे मोठ्या आवाजात करीत, त्यामुळे मागोमाग पेठेतली बरीच माणसे आली. मीही तिथे होतो. यशवंतरावांनी रेशमी फडक्यातून होन काढला. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, थोडा राग होता. त्यांच्या घराण्याचा शब्द दगडावर आपटला जाणार होता.

तवनाप्पांनी होन तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि हात दगडावर नेला. हात तिथेच थांबला. सोन्याला वजन असते. नाणी हाताळण्यात जन्म गेलेल्या माणसाला ते तळहातावर कळते, वाजवावे लागत नाही. होन पाटावर पालथा पडला असता तर यशवंतराव तो उचलून गावी गेले असते आणि गोदाला त्या पंचक्रोशीत दुसरे स्थळ आले नसते. खोटा होन घेऊन फिरणाऱ्याची मुलगी, एवढीच तिची ओळख उरली असती.

तवनाप्पांनी डोळे उघडले आणि होन फडक्यावर परत ठेवला. सुलटा नाही, पालथा नाही. कडेवर उभा राहील असा फडक्याच्या घडीत खोचला.

“ह्याला कुंकू लागलंय,” ते म्हणाले. “देव मी वाजवत न्हाय.”

“अवो, मागच्या बाजारात त्या म्हातारीचा पूजेचा रुपया वाजवलासा की,” दत्ताजीराव म्हणाले.

“त्याला हळद हुती.”

“मग धुतो की कुंकू. तांब्या आना रं कुणीतरी.”

“धुवा. पन एकदा देव्हाऱ्यातला देव चारचौघांत धुतला की परत बसवाय भटजी पायजे, मुहूर्त पायजे. ते सगळं करून आना. मग वाजवतो.”

जमलेल्या लोकांत दोघेतिघे म्हातारे होते. त्यांनी माना डोलावल्या. तवनाप्पांसारखा जैन माणूस दुसऱ्याच्या देवाची इतकी बूज राखतो आणि आपण मात्र तांब्या मागतो, हे दत्ताजीरावांना त्या माना बघून उमगले. त्यांनी होनाला हात जोडले. सुपारी फुटली.

माणसे पांगल्यावर मी विचारले, “आण्णा, खरा होता?”

“तुमी पेपरवाले. तुमास्नी सांगितलं तर आज सांजच्याला चिकोडीत समजंल.” मग दगड पुसत म्हणाले, “त्या यशवंतरावाला बी ठावं न्हाय. कुठल्या तरी आज्यानं कवातरी बदलला असंल.”

पुढच्या अंकात, तंबाखूच्या भावाखाली, निपाणीच्या एका नाणावट्याच्या धर्मशीलतेबद्दल चार ओळी आल्या. कुंकू लागलेले नाणे ते वाजवत नाहीत, असे त्यात होते. प्रत्येक शब्द खरा होता.

परिणाम लवकर दिसला. ज्यांच्याकडे संशयाचे रुपये होते त्यांनी त्यांना कुंकू लावले. गुरांच्या बाजारात बैल विकणाऱ्याच्या हातावर लाल रुपये पडू लागले. त्याने कुरकुर केली की घेणारा म्हणे, “चल तवनाप्पांकडं.” तिथे उत्तर ठरलेले होते. बैलवाले शिव्या देत उतरत. त्या शिव्या कुंकू लावणाऱ्याला नसत, तवनाप्पांना असत. पेठेच्या दुसऱ्या टोकाला नवे दुकान निघाले. तिथे नाण्याला शेंदूर फासला तरी वाजवून देत.

“मोडा की आता हा नियम,” मी सुचवले.

“मोडला की दत्ताजीराव इचारनार, मग त्या दिशी का न्हाय वाजवला? आनि होन घिऊन ईल. पोर नांदतीया तिथं.”

पोर नांदत होती आणि तवनाप्पांचे गिऱ्हाईक कमी होत होते. जुनी माणसे येत, पुतळ्या मोडणारे येत, वकील येत. बाकीचे पुढे जात. कधीही लबाडी न करणारा माणूस म्हणून ज्याची ख्याती होती, त्याच्या नावावर तालुक्यातली निम्मी लबाडी चालली होती, आणि ख्याती मात्र वाढत होती. कीर्तनकार त्यांचे उदाहरण देत.

मग दुसरे महायुद्ध आले आणि सरकारने राणीछाप रुपया चलनातून काढला. मुदतीच्या आत बदलून घ्या, असा हुकूम निघाला. राणीचे रुपये होते कुठे? देव्हाऱ्यांत. लक्ष्मीपूजनाला, वास्तुशांतीला, बारशाला घरोघरी तोच रुपया पूजलेला. नाणावट्याच्या धंद्यात असा मोसम जन्मात एकदा येतो. नव्या दुकानापुढे रांग लागली. तवनाप्पा आपल्या ओट्यावर तक्क्याला टेकून रांग बघत बसले.

“आण्णा, रानी गेली,” रांगेतून एकजण ओरडला. “आता तरी कुंकू पुसा.”

“रानी गेली. देव हाईत अजून,” तवनाप्पा म्हणाले.

त्याच दिवसांत गोदाक्का ओट्यावर आली. आता ती त्या घरची कर्ती बाई होती. सासू वारली होती. दत्ताजीराव थकले होते, पण आवाज शाबूत होता. तिने पदराआडून फडके काढले आणि होन पाटावर ठेवला. त्यावर कुंकवाचा जाड थर होता.

“गोदाक्का, मी देव वाजवत न्हाय,” तवनाप्पा सवयीने म्हणाले.

“वाजवाय न्हाय आनला. निसता दावाय आनला.” ती खाली बघत म्हणाली, “मला ठावं हाय, आण्णा.”

तवनाप्पांनी फडक्याचे टोक होनावर ओढले.

“लगीन झालं त्या सालीच दसऱ्याला देव उजळाय काढलं. मी ह्याला चिंच लावाय गेले. सासूबाईंनी हात धरला. म्हनल्या, ह्याला चिंच लावू नगं गं, ह्याला कुंकूच बरं. त्यास्नी माज्या आदीच समजलंतं. त्यास्नी मला कवा बोलून दावलं न्हाय, मी त्यास्नी कवा इचारलं न्हाय.”

“म्हंजे तुमाला दोगींना ठावं हुतं.”

“व्हय.”

“आनि मी हितं एवढी वरसं गिऱ्हाइकं माघारी लावत बसलोय.”

“म्हनून तर आले,” गोदाक्का म्हणाली. “ती रांग बगितली, मग ऱ्हावलं न्हाय. तुमी आता वाजवा, आण्णा, लोकांचं रुपये. माझं काय बिघडत न्हाय.”

ती होन घेऊन गेली. थोड्याच वेळाने एक शेतकरी, रांगेला कंटाळून, कुंकवाने माखलेला राणीचा रुपया घेऊन ओट्यावर चढला. मी तवनाप्पांकडे बघत होतो. त्यांनी रुपया घेतला, अंगठा कुंकवावर नेला आणि तिथेच ठेवला.

“देव मी वाजवत न्हाय,” ते म्हणाले. “पुढच्या दुकानात जावा.”

तो गेल्यावर मी कारण विचारले. ते माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी खोटा रुपया खरा म्हणून पुढे केला होता.

“तिला ठावं हाय. सासूला ठावं हुतं,” ते म्हणाले. “दत्ताजीरावाला कुठं ठावं हाय? रोज कट्ट्यावर बसून त्या होनाचं सांगतोय. ह्या वयात त्याला काय सांगायचं?”

स्वातंत्र्य यायच्या आधीच्या उन्हाळ्यात तवनाप्पा वारले. दुखवट्याच्या बैठकीला पेठेतले सगळे आले. नव्या दुकानाचा मालकही आला. दत्ताजीराव काठी टेकत उठले आणि त्यांनी सुपारीच्या दिवसाची हकीकत सांगितली. “आमचा होन वाजवताना त्या मानसाचा हात दगडावरच थांबला,” ते म्हणाले. “सोन्यात देव बगनारा असा मानूस आता हुनार न्हाय.” लोकांनी डोळे पुसले. बायकांत बसलेल्या गोदाक्काने पदर तोंडाला लावला होता. ती रडत होती की काय करीत होती, ते मला दिसले नाही.

दुकान पुतण्याने घेतले. त्याने पहिल्याच आठवड्यात पायरीवर पाण्याचा तांब्या आणि चिंचेचा गोळा ठेवला. गिऱ्हाइकाने नाणे स्वतः धुवायचे आणि मग वर द्यायचे. ओट्यावर पुन्हा गर्दी झाली. दत्ताजीरावांना हे कळले तेव्हा त्यांनी सुनेला हाक मारून सांगितले, की आता होनाची किंमत एकदा करून घेऊ.

“मामंजी, तवनाप्पांनी ज्याला हात जोडलं, ते त्या पोराच्या दगडावर टाकायचं?” गोदाक्का म्हणाली.

तवनाप्पांनी हात जोडले नव्हते, ते दत्ताजीरावांनी स्वतः जोडले होते. पण म्हाताऱ्याला ते आता तसेच आठवत होते. त्यांनी मान हलवली आणि विषय संपवला. होन देव्हाऱ्यात आहे. दर शुक्रवारी गोदाक्का त्याला कुंकू लावते, जरा जास्तच.