डोळे मिटून वाचलेला आराखडा

कचेरीत तिला सगळे झोपाळूबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर ते आलं होतं आणि तिनं मनाला लावून घेतलं नव्हतं. कामाच्या वेळेत ती डोळे मिटून बसायची हे खोटं थोडंच होतं? समोर उघडी फाइल, शेजारी गार झालेला चहा, आणि बाई खुर्चीत रेलून इतक्या निवांत, की नवा शिपाई एकदा घाबरून पाणी घेऊन धावला होता.

काम होतं बॅटऱ्यांचं. जी कंपनी बॅटरी विकते तिनंच ती संपल्यावर परत गोळा करायची, असा कायदा होता. ती कशी गोळा करणार याचा आराखडा सरकारकडून मंजूर करून घ्यायचा, नाही तर विक्री बंद. आकडे तपासून झाले की झोपाळूबाई डोळे मिटायची आणि स्वतःच संपलेली बॅटरी व्हायची. कुणाच्या तरी हातातून दुकानातल्या डब्यात पडायची, डब्यातून टेम्पोत, टेम्पोतून गोदामात. तिथं सगळं संथ चालायचं. रस्त्यावर कायम उतरतं ऊन, दुकानदार हसतमुख, टेम्पोला आवाजच नाही. बरं वाटायचं तिला त्या गावात. मात्र कुठं वाट मध्येच तुटली, की डोळे उघडायची आणि समासात पेन्सिलीचं टिंब टेकवायची. मग कंपन्यांचे साहेब त्या टिंबाच्या नावानं बोटं मोडत बसायचे.

एके दिवशी टेबलावर आला तो कानाच्या यंत्राच्या सेलचा आराखडा. शर्टाच्या बटणाहून लहान सेल, आणि त्या मापाचे बनवणारी कंपनी एकच. जुन्या मंजुरीची मुदत महिनाअखेर संपत होती. ती उठून तडक आपल्या साहेबांकडे गेली.

"साहेब, ही फाइल दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझे वडील हेच सेल वापरतात."

"अहो बाई," साहेब म्हणाले, "माझ्या भिंतीवरच्या घड्याळातही सेलच आहे. मग काय, मी राजीनामा देऊ? बघून टाका."

बाईनं डोळे मिटले. या खेपेला तिची वाट कुणा अनोळखी माणसाच्या घरातून सुरूच होईना. ती थेट स्वतःच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती, आणि समोर बाबा बसले होते. आराखड्यात लिहिलं होतं, ग्राहकानं संपलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मगच तो डब्यात टाकावा. म्हणणं चुकीचं नव्हतं. उघडे सेल एकमेकांना टेकले की तापतात, डबा पेट घेऊ शकतो. पण बाबांची बोटं थरथरत होती. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, एके काळी न बघता सुईत दोरा ओवणारा. पट्टी अंगठ्याला चिकटली, अंगठ्यावरून बाहीला, बाहीवरून चष्म्याला, आणि सेल टेबलाखाली कुठंतरी पसार झाला. बाबा खाली वाकून शोधत राहिले. खोलीत ऊन तसंच होतं, छान, पिवळं. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं.

कानाचं यंत्र वापरणारे बहुतेक सगळे त्याच वयाचे. कंपनीच्या कुणाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. तिथं ज्यांनी लिहिलं त्यांची बोटं अजून सरळ होती.

साहेबांनी समजावलं, "आत्ता सही करा. पट्टीचं पुढच्या वेळी बघू."

"पुढची वेळ पाच वर्षांनी येते, साहेब."

आराखडा परत गेला. एकेका सेलसाठी खाचा असलेली डबी पाकिटासोबतच द्या, म्हणजे पट्टीची गरज नाही, असं तिनं कारणासकट लिहिलं. सुधारून यायला आणि पुन्हा तपासायला दोन महिने तरी लागणार होते, आणि महिनाअखेरीपासून तोवर विक्री बंद.

संध्याकाळी ती चष्म्याच्या दुकानाशी थांबली. बाबांचे सेल तिथंच मिळत. काचेमागे पाकिटं टांगलेली होती. विक्री बंद होणार ही बातमी अजून कचेरीच्या बाहेर पडली नव्हती. सगळी उचलली असती तर बाबांचे दोन महिने आरामात निघाले असते. दुकानदारानं मान वर करून विचारलं, "देऊ का?" तिच्या तोंडून "हो" निघणारच होतं.

"आज नको," ती म्हणाली आणि जवळजवळ पळालीच. घरापर्यंत स्वतःवर चिडत गेली. एवढा ताठा कुणासाठी? बाबा जगात दुसऱ्या कुणाशी बोलत नाहीत. दिवसभर तिची वाट बघतात, आणि ती आली की कचेरीतली एकूण एक गोष्ट खोदून खोदून विचारतात. हेच बंद होणार होतं, आणि तेही तिच्याच शेऱ्यानं.

बाबांना तिनं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, यंत्राचा कान तिच्याकडे करून.

"मग चार पाकिटं जास्त आणायचीस की," ते म्हणाले.

"आणली असती, बाबा. पण मला आधी कळलं होतं. बाकीच्यांना नव्हतं."

बाबांनी कानातलं यंत्र काढलं, नखानं त्याचं झाकण उघडून ते बंद केलं आणि टेबलावर ठेवून दिलं. रागावले, तिच्या मनात आलं.

मग ते बोलले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा मोठ्यानं.

"दिवसभर नळ आणि शेजाऱ्यांची दारं ऐकून सेल कशाला संपवू? आहेत ते पुरवायचे. संध्याकाळी तू आलीस की घालीन."

ती काहीतरी बोलायला गेली, आणि थांबली. मग त्यांना नीट दिसेल अशी, दोनदा मान हलवली.