पोर्तुगीज म्हातारी आणि आमची धवलारीण

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. हा गाढवपणा सांगता सांगता शेवटी माझंच तोंड कडू होतं.

मी मूळचा घिवलीचा. नोकरी बोईसरच्या कारखान्यात. पण खरा उद्योग म्हणाल, तर सिनेमाचा शहाणपणा! महिन्यातून एकदा एक हॉल घ्यायचा, परदेशी सिनेमा लावायचा आणि वर तासभर व्याख्यान देऊन लोकांना पिळायचं.

त्या रविवारी एक नवा पोर्तुगीज सिनेमा होता. एक चित्रकार समुद्रकाठच्या आपल्या गावी परततो आणि म्हातारी आई विसरायच्या आत तिची गाणी टेप करून ठेवतो. अहो, घरी एकट्यानं बघताना मी ढसाढसा रडलो होतो! म्हटलं, आईला नेऊ या. होड्या आहेत, मासळी आहे, तिला आवडेल.

आई गावची धवलारीण. म्हणजे लग्नात धवले गाणारी. ती गायल्याशिवाय कुणाला हळद लागायची नाही. ढीगभर धवले तोंडपाठ, कागदावर मात्र एकही नाही.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावरची म्हातारी मासे साफ करता करता गाऊ लागली.

"लगीन कुनाचा हाय?" आईनं विचारलं.

"लग्न नाही गं. तू बघ नुसतं."

म्हातारी दोन ओळी गायली आणि थांबली. आता ही शांतता म्हणजे सिनेमाचा प्राण बरं का! दिग्दर्शकानं चांगली दोन मिनिटं तिचा चेहराच दाखवलाय. मी रुमाल काढून तयार.

आईची मात्र चुळबुळ सुरू. आमच्यात एकीनं ओळ सोडली की दुसरीनं ती उचलायचीच. नाही उचलली तर गाणारीचा अपमान.

"अरं, ती बाय एकटीच गाते. कोनीच उचलत नाय! अशी कशी रं ही मानसां?"

आणि आईनं उचलली की हो! खणखणीत आवाजात धवला सुरू! कारखान्यातली पाळी संपवून थेट आलेला एक कामगार मागून ओरडला, "वाह अम्मा! और सुनाओ!" लोक टाळ्यांचा ठेका धरायला लागले.

माझं डोकंच फिरलं. "गप बस! सिनेमा चालू आहे!" सगळ्यांदेखत मी तिच्यावर खेकसलो. तरी ती गातच राहिली. धवला अर्ध्यावर सोडत नाहीत ना! मग मी तिला दंडाला धरून बाहेर नेलं आणि दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

आत येऊन व्याख्यान दिलं. विषय काय? स्मृती! "मित्रहो, आपल्या आयांची गाणी आजच जपून ठेवा," असं म्हणताना मी रुमालानं डोळेसुद्धा टिपले. निर्लज्जपणाला काही सीमा?

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्या आईंची ठेवलीत का?"

"ठेवायची आहेत, सवड मिळाली की."

सवड मिळायला दोन वर्षं लागली. तोवर आईचं विसरणं सुरू झालं होतं. आधी गॅसवरचं दूध, मग शेजारणींची नावं, मग मी. धवले तरी राहिले असतील म्हणून धावत घिवलीला गेलो, फोन तिच्यापुढे धरला.

"आई, हळदीचा धवला म्हण ना गं."

तिनं परक्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मग घाबरून दाराकडे नजर टाकली, ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजली,

"गप! सिनेमा चालू हाय. माझा पोर वरडेल."